काखेत कळसा, ऱ्हाईनला वळसा

मित्रांनो, 'जुनं ते सोनं' ही म्हण आपण इंजिनिअरिंगवाले दोनच वेळा मान्य करतो. एक, सीनिअरच्या फाइलवरून जर्नल उतरवताना. आणि दोन, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्स करताना! एरवी 'जुनं' या शब्दाशी आपलं फारसं जमत नाही. जुनी मशीन म्हणजे भंगार, जुना सिलॅबस म्हणजे केटीवाल्यांची डोकेदुखी, आणि जुने दगड म्हणजे आर्ट्सवाल्यांचं खातं. यातल्या शेवटच्या समजुतीशी मला थोडं भांडायचं आहे.

हल्ली आपल्या पिंपरी-चिंचवडातल्या कंपन्यांतून रिटायर झालेल्या मंडळींमध्ये 'रिव्हर क्रूझ' नावाचा प्रकार जोरात आहे. चारधाम झालं, दुबई झाली, आता युरोपातल्या नदीतून आठवडाभर बोटीने फिरायचं. माझे लोकल गार्डियन असलेले काका टूलरूममध्ये उभी हयात काढून रिटायर झाले. ते आणि काकू असेच ऱ्हाईन आणि तिची उपनदी मोझेल यांवरून फिरून आले. बोट रात्री चालते, सकाळी एखाद्या गावाच्या धक्क्याला लागते. उतरायचं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांचे दरवाजे, स्नानगृहं, पूल, नाट्यगृहं बघायची आणि जेवायला बोटीवर परत! काकांनी मला सगळे फोटो दाखवले, पण टूलरूमचा माणूस. मूर्तींपेक्षा त्यांनी दगडांच्या सांध्यांचेच फोटो जास्त काढलेले.

आता हे रोमन अवशेष नदीकाठीच का सापडतात? त्याचं कारण साधं आहे. ऱ्हाईन आणि डॅन्यूब या त्या साम्राज्याच्या उत्तरेकडच्या सीमा होत्या. काठाकाठाने लष्कराच्या छावण्या पडल्या, छावण्यांना धान्य, दगड, मद्य, सगळं बोटीने पुरवलं जायचं, छावणीभोवती बाजार वसला आणि बाजाराचं शहर झालं. कलोन, माइन्झ, बुडापेस्ट या सगळ्यांच्या पोटात रोमन गाव आहे. आपल्याकडे एमआयडीसी आली, मग चाळी आल्या, मग मेस आल्या, मग आपण आलो, तसंच ते!

त्या फोटोंमधल्या दोन गोष्टी मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट, ट्रिअर गावातला मोझेल नदीवरचा पूल. जर्मनीतला हा सगळ्यात जुना पूल. त्याचे दगडी खांब इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले आहेत आणि त्याच्यावरून आजही वाहनं जातात! पण गंमत पुढेच आहे. वरच्या कमानी रोमन नाहीत, त्या अठराव्या शतकात पुन्हा बांधलेल्या आहेत. म्हणजे पूल एकदा बांधला आणि दोन हजार वर्षं आपोआप उभा राहिला असं झालेलं नाही. मोडला, पुन्हा बांधला. झिजला, पुन्हा दुरुस्त केला. पूल 'टिकला' म्हणण्यापेक्षा तो 'टिकवला' हे म्हणणं जास्त बरोबर आहे.

दुसरी गोष्ट कलोनच्या पाण्याची. रोमन लोकांनी आयफेल नावाच्या डोंगराळ भागातून कलोनला पाणी आणलं. कालव्याची लांबी सुमारे ९५ किलोमीटर, आणि पंप एकही नाही. सगळा खेळ उताराचा. थंडीत पाणी गोठू नये म्हणून बहुतेक कालवा जमिनीखालून नेलेला. रोज सुमारे २ कोटी लिटर पाणी शहरात यायचं असा अंदाज आहे. फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक नव्हतं, तरी! पण इसवी सन २६० च्या आसपास टोळ्यांचे हल्ले झाले, कालवा फुटला आणि तो पुन्हा कुणी दुरुस्तच केला नाही. पुढे मध्ययुगात लोकांनी त्याचे दगड उपटून नेले. आपल्या हॉस्टेलच्या गिझरमध्ये साठतो ना, तसा त्या कालव्याच्या भिंतीवर क्षाराचा जाड थर साचला होता. तो कापून, घासून, चकाकी आणून चर्चमध्ये संगमरवरासारखा वापरला! तेवढंच काय ते त्याचं भाग्य.

म्हणजे एकाच राज्यातल्या माणसांनी बांधलेल्या या दोन गोष्टी. एकीची दुरुस्ती होत राहिली, ती अजून वापरात आहे. दुसरीची थांबली, तिचे अवशेष झाले. मला वाटतं, 'अवशेष' या शब्दाची इंजिनिअरसाठी हीच व्याख्या असावी: ज्याचं मेंटेनन्स थांबलं, ते.

हे झालं तिकडचं. आता जरा इकडे या.

आपल्याकडे रिव्हर क्रूझ नाही, पण लोणावळा लोकल आहे! लोणावळ्याहून निघालेली लोकल मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव करत येते ती इंद्रायणीच्या खोऱ्यातून. पुढे देहूरोड सोडलं की आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी. म्हणजे पवनेच्या शेजारून. भुशी डॅमला जाण्यासाठी आपल्यातल्या प्रत्येकाने ही लोकल पकडलेली आहे. येताना ओले कपडे, हातात मक्याचं कणीस आणि दारात लटकण्याची स्पर्धा. पण मळवलीला उतरतो कोण? लोहगड-विसापूरचे ट्रेकर्स, एकवीरेचे भाविक, आणि परदेशी पाहुणे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

मळवलीच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ला. थोडं पुढे कामशेतवरून जायचं, पवनेच्या खोऱ्याकडे, तिथे बेडसे. ही सगळी लेणी म्हणजे, साधारण हिशोबात, इसवी सनाच्या आधीची दोन आणि नंतरचं एक अशा शतकांतली कामं. थोडक्यात, रोमन लोक ऱ्हाईनवर छावण्या ठोकत होते त्याच सुमाराला आपल्या इंद्रायणीवर छिन्नी चालू होती.

कार्ल्याचं मोठं चैत्यगृह आपल्या देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह आहे. आत सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. ३७ खांब. छताला सागवानी लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत, आणि त्या मूळच्या, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या! सिव्हिलच्या मित्रांनी इथे वर बघून एक प्रश्न स्वतःला विचारावा: या फासळ्या किती लोड घेतात? उत्तर: शून्य. छत अखंड खडकाचं आहे, ते स्वतःच स्वतःला पेलतं. त्या काळी सभागृहं लाकडाची असायची. दगडात कोरायची वेळ आली तरी डोळ्यांना सवय लाकडाची, म्हणून फासळ्या बसवल्या.

आणि प्रॉडक्शनवाल्यांसाठी आणखी एक मजा. रोमन लोक दगडावर दगड ठेवून बांधत. आपली मंडळी डोंगरातून नको तेवढा दगड काढून टाकत. एकीकडे जोडकाम, दुसरीकडे निव्वळ कोरकाम. वर्कशॉपमध्ये जॉब दोन मिलिमीटर जास्त कापला गेला तर आपण सरांची नजर चुकवून दुसरा तुकडा घेतो. इथे तुकडा एकच, आणि तो म्हणजे अख्खा डोंगर! वरून खाली कोरत यायचं. खांब चुकून पातळ झाला तर वेल्डिंग नाही, एम-सील नाही.

पण मला कार्ल्यात सगळ्यात जास्त आवडतात ती नावं. खांबांवर, भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत: कोणता खांब कुणी दिला ते. त्यात वैजयंतीचा भूतपाल नावाचा शेठ आहे; हे लेणं जंबुद्वीपात उत्तम आहे असं त्याने छातीठोक कोरून ठेवलं आहे. सिंहदत्त नावाचा अत्तरवाला आहे. दरवाजाच्या कामावर धेनुकाकट या गावच्या एका सुताराचं नाव आहे, वेणुवासाचा मुलगा सामि. आणि त्याच धेनुकाकटचे काही 'यवन'ही आहेत! यवन म्हणजे मूळचे ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेले परके लोक. त्यांनी बौद्ध भिक्षूंच्या या चैत्यगृहासाठी खांब दान दिलेत. गंमत म्हणजे त्यांची नावं सिहधय, धम्म अशी अस्सल इथलीच.

हे यवन इथे आले कसे? तर व्यापारामुळे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी माहितीपुस्तकात आपलं सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आहे आणि तगर म्हणजे आमचं तेरही आहे. मी धाराशिव जिल्ह्यातला, म्हणून 'आमचं' असं म्हणायचा हक्क मला आहे! तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. तिकडे कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली. म्हणजे माल इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला; आणि कोकणच्या बंदरांतून घाट चढून देशावर येणारी एक वाट याच मावळातून, या लेण्यांच्या जवळून जात होती. आज त्याच वाटेवर एक्स्प्रेस वे, जुना हायवे आणि रेल्वे आहे. कंटेनर तेच करतात, जे तेव्हा बैल करत.

चाकणला इंटर्नशिप करणाऱ्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. चाकणहून नाशिक रस्त्याने वर गेलं की जुन्नर. तिथल्या लेण्यांमध्ये इरिल नावाच्या एका यवनाचा लेख आहे, त्याने पाण्याची दोन टाकी दान दिली. परक्या मुलखातून आलेला माणूस देऊन देऊन काय देतो, तर पाण्याची टाकी! आणि खुद्द चाकण गावात संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. आज कंपनीची बस पकडायला आपण त्याच्या जवळून जातो आणि वडापावची गाडी कुठे लागली आहे तेवढंच बघतो.

असो. 'आपल्याकडेही आहे' एवढंच सांगून छाती फुगवायची असती तर लेख इथे संपवता आला असता. पण मुद्दा वेगळा आहे. तो आहे मेंटेनन्सचा.

१५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. ४ माणसं गेली, कित्येक जखमी झाली. आपल्यातलेही काही जण त्या पुलावर फोटो काढून आलेले असतील. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. एक नदी, एक खोरं. वरच्या अंगाला दोन हजार वर्षांच्या लाकडी फासळ्या जागच्या जागी, आणि खालच्या अंगाला काही दशकांचा लोखंडी पूल पाण्यात. लोखंड गंजतं हे आपल्याला फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत शिकवतात. ते वेळच्या वेळी खरवडून रंगवायचं, बोल्ट तपासायचे, आणि नाहीच झेपलं तर पूल खरोखर बंद करायचा, हे कुठल्या पेपरला आहे? गर्दीला दोष देणं सोपं आहे. पण गर्दी हासुद्धा लोडच असतो आणि तो धरूनच गणित मांडायचं असतं.

दुसरी गोष्ट नदीची. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो दर वारीच्या आसपास पेपरात येतात. लांबून बर्फ पडल्यासारखा दिसतो. हा फेस म्हणजे साबण, डिटर्जंट, घरांचं सांडपाणी आणि कारखान्यांतून प्रक्रिया न करता सोडलेलं पाणी. ज्या नदीचं नाव घेऊन लाखो वारकरी चालत येतात, तिच्यात ते आचमनाला हात घालतात. इथे बोट चालवायची कुणी आणि अवशेष बघायला पाहुणे आणायचे कुठून?

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, 'अरे, इंडस्ट्रियल बेल्ट आहे, एवढं तर होणारच. नोकऱ्या पाहिजेत की नदी?' या प्रश्नाला ऱ्हाईनच उत्तर देते. काका ज्या नदीतून आरामात फिरून आले, तिच्या काठावर जगातले बलाढ्य रासायनिक कारखाने आहेत. १९८६ मध्ये, १ नोव्हेंबरला, स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ सँडोज कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन थेट नदीत गेलं. नदी लाल झाली, शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. कारण काय, तर ते पाणी अडवून धरायला टाकीच नव्हती. एक टाकी! पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून कार्यक्रम आखला, त्यात एक साधं ध्येय ठेवलं: २००० सालापर्यंत नदीतून नाहीसा झालेला सॅल्मन मासा परत आला पाहिजे. कारखाने बंद झाले नाहीत. पाणी अडवणाऱ्या टाक्या बांधल्या गेल्या, सांडपाण्याची केंद्रं सुधारली, तपासणी कडक झाली, आणि सॅल्मन परत दिसू लागला. म्हणजे नोकऱ्याही राहिल्या आणि नदीही. हे कुणी केलं? मंत्र्यांनी सह्या केल्या, कबूल. पण वाल्व, पंप, टाक्या आणि सॅम्पलच्या बाटल्या सांभाळल्या त्या आपल्यासारख्याच डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी.

आता आपल्याकडे बघा. कॅम्पसला कंपनी आली की सगळ्यांना 'डिझाइन' पाहिजे, 'आर अँड डी' पाहिजे. ऑफर लेटरवर 'मेंटेनन्स' दिसलं की तोंड पडतं. पार्टी मागायला गेलेले मित्र सांत्वन करून परत येतात. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, सांभाळायला मिळाला तर विचारूच नका. ती जणू शिक्षाच! वर्षानुवर्षं शिफ्टला उभं राहून एखादी लाइन चालू ठेवणाऱ्या फिटरपेक्षा, एक दिवस फीत कापणाऱ्याचं नाव संगमरवरावर येतं. कार्ल्याच्या माणसांनी निदान सुताराचं नाव दगडात राहू दिलं. आपल्या किती इमारतींवर गवंड्याचं, फिटरचं, सुताराचं नाव आहे? कॉन्ट्रॅक्टवर सात-आठ महिने काम करून गेलेल्या आयटीआयच्या पोराचं नाव तर गेटवरच्या रजिस्टरमध्येसुद्धा धड राहत नाही.

काही मित्र म्हणतील, 'हे सगळं ठीक आहे, पण याने प्लेसमेंट होणार का?' तो प्रश्न मला कमी लेखायचा नाही. घरून शिक्षणाचं कर्ज काढून आलेल्याला तो विचारावाच लागतो, मीही त्यातलाच. पण आपण वर्षातून दोन इंडस्ट्रियल व्हिजिट करतो. त्यात काय होतं? सेफ्टी गॉगल घालायचा, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं, 'हात लावू नका' ऐकायचं, आणि शेवटी समोसा-फ्रूटी. रिपोर्ट मागच्या बॅचचा. त्याच्या जोडीला एक दिवस असा ठेवला तर काय बिघडेल? सकाळच्या लोकलने मळवली. भाजे आणि कार्ला बघायचं, पण गाईडची गोष्ट ऐकून सुटायचं नाही. टेप घेऊन मापं घ्यायची, खांबांमधली अंतरं काढायची, पाण्याची टाकी कुठे खोदली आणि पावसाचं पाणी त्यात कसं वळवलं याचा आराखडा काढायचा. दगडाला धक्का लावायचा नाही, आणि 'अमुक लव्ह्ज तमुक' कोरणाऱ्याला तिथल्या तिथे सुनवायचं. परत येताना आळंदीला जाऊन नदीच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या आणि आपल्याच लॅबमध्ये तपासायच्या. रिपोर्ट कॉपी करता येणार नाही, हा सरांसाठी वेगळाच फायदा!

सर आणि मॅडम, ही विनंती तुम्हालाही आहे. 'इंडस्ट्रियल व्हिजिट' या शब्दात इंडस्ट्री म्हणजे फक्त चालू शेड, असं कुठे लिहिलं आहे? कार्ला हीसुद्धा एक साइटच आहे. प्रोजेक्ट पूर्ण होऊन दोन हजार वर्षं झाली, एवढंच.

आणि मित्रांनो, ज्याला पुढे खरोखर मेंटेनन्स डिपार्टमेंट मिळेल, त्याची पार्टी मात्र आपण वाजतगाजत घ्यायची. आपल्यानंतर या इंद्रायणी-पवनेच्या काठावर काय वापरात राहील आणि कशाचे अवशेष होतील, ते बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहे. तोवर येत्या रविवारी भुशी डॅमऐवजी मळवलीला उतरून बघा. बॅटरी बरोबर घ्या, खांबांवरची अक्षरं उजेड तिरका पाडला की जास्त नीट दिसतात.